नोंदवहीतलं नाव

(मंडळाच्या वसंत मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा थोडा संपादित केलेला मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



हे भाषण जेवणाआधी ठेवावं की नंतर, यावर कार्यकारिणीत बरीच चर्चा झाली म्हणे. आधी ठेवलं तर लोक भुकेने उठतील, नंतर ठेवलं तर झोपतील. शेवटी बटाटेवडा आणि चहा झाल्यावर घ्यायचं ठरलं. म्हणजे तुमच्या पोटात थोडं आहे आणि पुढच्या जेवणाची आशाही आहे. तेवढ्या वेळात मी माझं म्हणणं मांडते.

आधी एक विनंती. या हॉलमध्ये जे डॉक्टर, नर्स, फार्मसिस्ट, फिजिओ, रेडिओग्राफर, लॅबमध्ये काम करणारे किंवा केअर होममध्ये काम करणारे आहेत त्यांनी हात वर करावा... पाहिलंत? जवळजवळ निम्मे हात वर आहेत. उरलेल्या निम्म्यांनी असं समजू नये की हा विषय आपला नाही. तुम्ही पेशंट आहात, पेशंटचे मुलगे-मुली आहात. आणि वर हात करणाऱ्यांपैकी एखाद्याचे नवरा किंवा बायको तर नक्कीच आहात.

हा विषय मी का घेतला ते सांगते. मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मला फोन आला. मुलगी आपल्यातलीच, भारतातून येऊन वर्षही झालेलं नव्हतं. तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे सगळे तपशील गाळून सांगते आहे. ती म्हणाली, "मावशी, माझ्या हातून कामावर एक चूक झालीय. पेशंटला काही झालं नाही. कुणाला कळलेलंही नाही. सांगितलं तर माझं रजिस्ट्रेशन जाईल का? आणि रजिस्ट्रेशन गेलं तर व्हिसाचं काय?"

तिला मी काय सांगितलं ते शेवटी सांगेन. त्याआधी हे रजिस्ट्रेशन, ही नोंदवही म्हणजे नक्की काय, ती कुणासाठी असते, हे थोडं बघू. कारण मला वाटतं, आपल्यातल्या बहुतेकांना तिची भीती माहीत आहे, पण तिचा अर्थ माहीत नाही.

आपल्याकडे गावात हाडवैद्य असायचा. त्याची कुठे नोंदणी नव्हती, त्याचं 'नाव' होतं. तीन पिढ्या एकाच घरात हाडं बसवण्याचं काम. चुकला तर गाव दुसऱ्याकडे जाई. गावात हे चालतं, कारण सगळे सगळ्यांना ओळखतात. शहरात कोण कुणाला ओळखतो? लंडनसारख्या शहरात पाटी लावून बसलेला माणूस शिकलेला आहे की भोंदू, हे आजारी माणसाने कसं ओळखायचं? या प्रश्नाचं उत्तर म्हणून इथल्या पार्लमेंटने १८५८ साली मेडिकल अॅक्ट केला आणि त्यातून आजची जनरल मेडिकल कौन्सिल, म्हणजे जी.एम.सी. निघाली. कायद्याचा हेतू साधा होता: पात्र आणि अपात्र यांतला फरक लोकांना कळावा. म्हणजे ही नोंदवही सुरुवातीपासूनच डॉक्टरांच्या सन्मानासाठी नव्हती, पेशंटच्या माहितीसाठी होती. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावरच आहे.

नर्सेसना मात्र थांबावं लागलं. एथेल बेडफर्ड फेनविक या बाई तीस वर्षांहून जास्त काळ नर्सेसच्या नोंदणीसाठी भांडल्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा त्याला विरोध होता. १९१९ साली कायदा झाला आणि नोंदवही उघडली तेव्हा पहिलं नाव अर्थातच फेनविकबाईंचं लागलं.

माझ्या व्यवसायाची, फिजिओथेरपीची, गोष्ट तर आणखी मजेदार आहे. १८९४ साली लंडनमध्ये मसाजच्या पाटीखाली भलतेच धंदे चालतात म्हणून वैद्यकीय नियतकालिकात बोंब झाली. मसाजचं काम प्रामाणिकपणे करणाऱ्या बायकांची पंचाईत झाली. तेव्हा चार नर्सेसनी एकत्र येऊन 'सोसायटी ऑफ ट्रेन्ड मसूझेस' काढली. शिक्षण कुठलं हवं, परीक्षा काय, वागणूक कशी हवी, हे त्यांनी स्वतःच ठरवलं. आजची चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी ती हीच. सरकारने सांगण्याआधी, आपली अब्रू राखण्यासाठी, चार बायकांनी स्वतःवर नियम घालून घेतले होते. आम्ही फिजिओ लोक हे विसरतो आणि नियम म्हणजे वरून आलेला जाच असं समजतो.

सरकारी नोंदणी १९६० च्या कायद्याने आली. मी १९९८ मध्ये इथे आले तेव्हा तीच जुनी व्यवस्था होती. २००२ मध्ये तिच्या जागी हेल्थ प्रोफेशन्स कौन्सिल आली आणि २०१२ मध्ये तिच्या नावात 'केअर' हा शब्द वाढून ती एच.सी.पी.सी. झाली. आज तिच्याकडे १५ व्यवसाय आहेत. फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रेडिओग्राफर, पॅरामेडिक, आहारतज्ज्ञ, बायोमेडिकल सायंटिस्ट, स्पीच थेरपिस्ट वगैरे. तीन लाखांहून अधिक नावं त्या वहीत आहेत.

आता यात आपला, मराठी माणसाचा, संबंध कुठे येतो? बराच येतो. १८७६ च्या कायद्याने इथल्या परीक्षा आणि नोंदणीचं दार बायकांना उघडं झालं. त्यानंतर आपल्या डॉ. रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला शिकायला आल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर होऊन मायदेशी गेल्या. मुंबई इलाख्याने १९१२ मध्ये डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा केला, तो हिंदुस्थानातला पहिला. १९३० मध्ये मात्र जी.एम.सी.ने हिंदी विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. बाळंतपणाच्या कामाचं प्रशिक्षण पुरेसं नाही हा आक्षेप होता. त्यावरून मोठा वाद झाला आणि त्यातून १९३३ चा इंडियन मेडिकल कौन्सिल कायदा आला. पुढे मान्यता परत मिळाली, आणि १९७५ मध्ये पुन्हा गेली. तेव्हापासून आपल्या डॉक्टरांना इथे परीक्षा द्यावी लागू लागली, जिला आपण प्लॅब म्हणतो. प्लॅबच्या काळात एकेका खोलीत चार-चार जण राहून, डाळ-भात खाऊन अभ्यास केलेले काका लोक इथे बसलेले आहेत. त्यांना मी वेगळं काय सांगणार!

ऑक्युपेशनल थेरपीत तर आपण मागे नव्हतोच. आशियातली त्या विषयाची पहिली शाळा १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झाली, ती कमलाबाई निंबकरांनी. बाई जन्माने अमेरिकन, लग्नानंतर महाराष्ट्राच्या झाल्या. फलटणच्या शेतीतज्ज्ञ बनबिहारी निंबकरांच्या त्या आई. १९५२ मध्ये या व्यवसायाची जागतिक संघटना स्थापन झाली तेव्हा तिच्या संस्थापक देशांत भारत होता. पण आपल्याकडे शिक्षण आधी आलं आणि देशभराची नोंदणी फार उशिरा आली. महाराष्ट्राने या शतकाच्या सुरुवातीला फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठी स्वतःची परिषद केली. सगळ्या देशासाठीचा कायदा मात्र २०२१ मध्ये झाला. त्यामुळे तिथून येणाऱ्या मुलांना 'नोंदणी' म्हणजे एक शिक्का मारलेला कागद वाटतो. एकदा मिळाला की कपाटात ठेवायचा.

जाता जाता एक गंमत. भारतात मेडिकल कौन्सिल जाऊन २०२० पासून नॅशनल मेडिकल कमिशन आलं, त्याला तिथे एन.एम.सी. म्हणतात. इथली एन.एम.सी. म्हणजे नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल. माझ्या भावाला मी सांगितलं, "इथे एन.एम.सी.चे नियम फार कडक," तर तो म्हणाला, "इथेही डॉक्टरांना हल्ली तेच म्हणतात." आम्ही दहा मिनिटं दोन वेगळ्या गोष्टींवर एकमत होऊन बोलत होतो.

इथली नोंदणी कपाटात ठेवता येत नाही, कारण ती सारखी जिवंत ठेवावी लागते. आम्हाला दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. त्या वेळी आपण नियम पाळतो आहोत असं लिहून द्यायचं. शिवाय शंभरातल्या अडीच जणांची नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निघतात. त्यांनी दोन वर्षांत काय नवीन शिकलं आणि त्याचा पेशंटला काय फायदा झाला, हे पुराव्यासकट द्यायचं. नर्सेसचं दर तीन वर्षांनी असतं. डॉक्टरांचं पाच वर्षांनी, ते २०१२ च्या डिसेंबरपासून सुरू झालं. त्यामागे ब्रिस्टलच्या लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांचं प्रकरण आणि हॅरॉल्ड शिपमन नावाच्या डॉक्टरचं प्रकरण होतं. शिपमनला २००० साली १५ खुनांसाठी शिक्षा झाली. तो नोंदणीकृत डॉक्टर होता. म्हणजे एकदा नाव लागलं की झालं, हे पुरेसं नाही, हे इथल्या समाजाने फार मोठी किंमत मोजून शिकलं.

नियमांचं पुस्तक मोठं असेल असं वाटतं. प्रत्यक्षात एच.सी.पी.सी.ची वर्तनाची तत्त्वं दहा आहेत, त्यांची ताजी आवृत्ती १ सप्टेंबर २०२४ पासून लागू झाली. मराठीत सांगायचं तर: पेशंटचं हित आधी. नीट बोला, नीट ऐका. येतं तेवढंच करा. दुसऱ्यावर काम सोपवताना त्याला ते येतं का बघा. कानावर पडलेलं बाहेर नेऊ नका. धोका ओळखा आणि आवरा. काही चुकीचं दिसलं तर बोला. चूक झाली तर उघड सांगा. प्रामाणिक राहा. आणि केलेलं लिहून ठेवा.

आजीने सांगितल्यासारखं वाटतं की नाही? यात कायद्याची क्लिष्ट भाषा नाही. अवघड आहे ते पाळणं. आणि आपल्यासारख्यांना काही तत्त्वं इतरांपेक्षा जास्त अवघड जातात असा माझा अनुभव आहे. त्यांतल्या तीनांबद्दल बोलते.

पहिलं, कानावर पडलेलं बाहेर न नेणं. आपला समाज लहान आणि प्रेमळ. आपल्यातल्या एका काकू वॉर्डात दिसल्या, की आपण घरी येऊन सांगतो, "अगं, त्या अमक्या काकू आल्यात आमच्याकडे, बघून ये, डबा घेऊन जा." हेतू किती चांगला! पण त्या काकूंना आपण कुठल्या वॉर्डात आहोत हे कुणाला कळायला नको असेल तर? कॉम्प्युटरवर ओळखीच्या माणसाची फाइल नुसती उघडून बघितली, तरी कुणी, कधी, किती वाजता उघडली त्याची नोंद राहते. कामाशी संबंध नसताना फाइल उघडल्यामुळे लोक चौकशीत सापडले आहेत. काळजीपोटी उघडली, हे उत्तर चालत नाही. डबा जरूर न्या, पण त्या काकूंनी स्वतः बोलावल्यावर.

याच्याच शेजारचं म्हणजे गणपतीच्या आरतीनंतरचा दवाखाना. "जरा गुडघा बघ ना." "डॉक्टरकाका, एवढं अँटिबायोटिक लिहून द्या ना, जी.पी. तीन आठवडे थांबायला सांगतोय." मित्रांनो, जी.एम.सी.चं सांगणं आहे की स्वतःसाठी आणि जवळच्या माणसांसाठी औषधं लिहून देणं शक्यतो टाळावं. डॉक्टरकाका नाही म्हणाले तर ते शिष्ट झाले असं समजू नका. आपल्या नात्यासाठी त्यांची नोंदणी पणाला लावायला आपण सांगत असतो.

दुसरं, चुकीचं दिसलं तर बोलणं. आपण 'साहेब म्हणतील तसं' या शाळेत शिकलो. वॉर्डात राउंडच्या वेळी मोठ्या सरांना विद्यार्थ्याने प्रश्न विचारला, तर बाकीचे त्याच्याकडे दयेने बघायचे. इथे वरिष्ठाला "हे मला सुरक्षित वाटत नाही" असं म्हणणं हे कर्तव्य आहे. मिड स्टॅफर्डशायरच्या हॉस्पिटलातल्या हालअपेष्टांवर २०१३ मध्ये फ्रान्सिस अहवाल आला. अनेकांना दिसत होतं, बोलणारे थोडे होते आणि जे बोलले त्यांचं ऐकलं गेलं नाही. गप्प बसणं म्हणजे विनय नव्हे, हे मला इथे येऊन शिकावं लागलं.

आणि तिसरं, चूक कबूल करणं. इथे मला माझी स्वतःची गोष्ट सांगायला हवी. ती मी या मंडळात आजपर्यंत सांगितलेली नाही.

मला इथे येऊन काही वर्षं झाली होती. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, त्याची गरज नाही. एक वृद्ध गृहस्थ पाठीच्या दुखण्यासाठी येत. त्यांना मधुमेह होता. शेक देण्याआधी त्वचेला गरम-थंड कळतंय ना, याची तपासणी करायची असते. दोन टेस्ट ट्यूब, एकीत गरम पाणी, एकीत गार. पहिल्या वर्षी शिकवतात. त्या दिवशी दोन सहकारी रजेवर, बाहेर रांग. मी तोंडीच विचारलं, "गरम-थंड कळतं ना?" ते म्हणाले, "हो हो." मी शेक लावला. पंधरा मिनिटांनी काढला तर त्वचा नको तितकी लाल. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचा फोन आला, फोड आला होता.

मी केसपेपर काढला. त्यात तपासणीची नोंद नव्हती, कारण तपासणीच केली नव्हती. शेजारची मैत्रीण, मनाने फार चांगली, हळूच म्हणाली, "एक ओळ लिहून टाक. जागा आहे वर. कोण बघतंय?" खरंच जागा होती. हातात पेन होतं. शाई तीच होती. मी खोटं बोलणार नाही, मी ते पेन कागदावर टेकवलं होतं.

का थांबले ते आजही नक्की सांगता येणार नाही. बहुधा त्या आजोबांचं "हो हो" आठवलं. त्यांनी माझ्यावर विश्वास टाकून ते म्हटलं होतं. मी उठून सीनियरकडे गेले आणि सांगितलं. तिने मला ओरडलं नाही. ती म्हणाली, "आजची तारीख आणि आत्ताची वेळ घालून लिही, की ही नोंद नंतर केली आहे. तपासणी केली नव्हती असंही लिही. मग त्यांना फोन कर." मी लिहिलं. फोन केला. माफी मागितली. मुलगी खूप चिडली होती आणि तिचं बरोबर होतं. तिने रीतसर तक्रार केली.

पुढचे काही महिने चौकशी चालली. मी एकटीने शेक किंवा वीजयंत्राचे उपचार द्यायचे नाहीत, असा आदेश निघाला. माझ्यापेक्षा वयाने लहान मुलीसमोर मी पुन्हा टेस्ट ट्यूब धरून दाखवली. रात्री झोप यायची नाही. दादरला आईचा फोन आला की मी सांगायचे, सगळं छान चाललंय. त्या वर्षी मंडळाच्या दिवाळीला मी जांभळी पैठणी नेसून आले होते, फोटो आहेत. कुणालाही काही कळलं नाही. शेवटी चौकशीत ठरलं की चूक झाली, ती उघड सांगितली गेली आणि पुन्हा प्रशिक्षण झालं, आता प्रकरण पुढे पाठवायची गरज नाही. तो निर्णय सांगताना मॅनेजर जे म्हणाल्या ते माझ्या लक्षात राहिलं. त्यांचं म्हणणं असं, की न केलेली तपासणी ही चूक होती, ती सुधारता येते. ती ओळ लिहिली असती, तर तो खोटेपणा ठरला असता आणि मग त्यांना माझ्यासाठी काहीच करता आलं नसतं.

आणि हे त्यांचं एकटीचं मत नाही. सुनावण्यांचे निर्णय जाहीर असतात, कुणीही वाचावेत. नवीन मुलांना मी सांगते की वाचा. कौशल्यात कमी पडलेल्या माणसाला अटी घालून, पुन्हा शिकवून परत आणायचा प्रयत्न होतो. समज, अटी, एक वर्षापर्यंतचं निलंबन आणि शेवटचा उपाय म्हणजे नाव काढून टाकणं, अशा पायऱ्या आहेत. नाव काढलं तर आमच्याकडे पाच वर्षं परत अर्जही करता येत नाही. त्या शेवटच्या पायरीवर अप्रामाणिकपणा वारंवार भेटतो. खोटी नोंद, खोटं प्रमाणपत्र, खोटे तास.

माफी मागितली तर कोर्टात ती आपल्यावरच उलटेल, असं बऱ्याच जणांना वाटतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६ चा एक कायदा स्पष्ट म्हणतो की नुसती माफी म्हणजे निष्काळजीपणाची कबुली नव्हे. हे माहीत असू द्या.

आता कुणी म्हणेल, बाई, तुम्ही फार गोड चित्र रंगवता आहात. हा तराजू सगळ्यांना सारखा आहे का? नाही. प्रामाणिकपणाबद्दल बोलायचं तर हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. २०१९ मध्ये जी.एम.सी.नेच करवून घेतलेला एक अहवाल आला. अल्पसंख्याक वंशांच्या डॉक्टरांविरुद्ध त्यांच्या मालकांकडून जी.एम.सी.कडे जाणाऱ्या तक्रारींचं प्रमाण गोऱ्या डॉक्टरांच्या दुपटीहून जास्त होतं. बाहेरून शिकून आलेल्यांचं इथे शिकलेल्यांच्या अडीच पट. कारणं काय दिली? या डॉक्टरांना वेळेवर, तोंडावर, स्पष्ट अभिप्राय कुणी देत नाही. कामाची नीट ओळख करून दिली जात नाही. ते एकटे, बाजूला पडलेले असतात. आणि मग एकदम कागदच हातात येतो. २०२४ मध्ये नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलच्या अंतर्गत कारभारावर स्वतंत्र अहवाल आला, त्यातही वंशभेद आणि रेंगाळलेल्या चौकशा यांवर कडक बोट ठेवलं होतं.

डॉ. हदीझा बावा-गार्बा यांचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. २०११ मध्ये लेस्टरला सहा वर्षांचा मुलगा दगावला. २०१५ मध्ये त्यांना शिक्षा झाली. न्यायाधिकरणाने त्यांना वर्षभर निलंबित केलं, तर जी.एम.सी. कोर्टात गेली आणि २०१८ च्या जानेवारीत नाव काढायचा निर्णय मिळवला. ऑगस्टमध्ये अपील कोर्टाने तो फिरवला. एका घराचं मूल गेलं होतं, हे विसरून चालणार नाही. पण माणसं कमी, कॉम्प्युटर बंद, अशा दिवसाचा भार एका डॉक्टरवर किती टाकायचा, हा प्रश्न तेव्हा सगळ्या देशाने विचारला.

आणि चौकशीचा भार जीवघेणा असू शकतो. २००५ ते २०१३ या काळात जी.एम.सी.ची चौकशी चालू असताना २८ डॉक्टरांनी आत्महत्या केली किंवा केली असावी, असं जी.एम.सी.च्याच २०१४ च्या अहवालात आहे. त्यानंतर पद्धतीत सुधारणा झाल्या. पण मी तो आकडा वाचला तेव्हा मला माझी जांभळी पैठणी आठवली. मी हसत होते आणि इथे कुणालाच माहीत नव्हतं.

म्हणून माझी या मंडळाला एक मागणी आहे. आपण ढोल-ताशा पथक काढलं, मराठी शाळा काढली. तसं आपल्यातल्या अनुभवी चार-पाच जणांनी आपले फोन नंबर नवीन मुलामुलींना देऊन ठेवावेत. सल्ला वकिली नको, त्यासाठी त्यांच्या व्यावसायिक संघटना आणि विमा आहे, आणि सभासदत्व पहिल्या दिवशी घ्या, पैसे वाचवू नका. आपण फक्त ऐकायचं. "लोक काय म्हणतील" या भीतीने कुणी एकटं पडू नये. आणि कुणावर तक्रार झाली म्हणजे तो गुन्हेगार असं आपण घराघरात बोलू नये.

पेशंट म्हणून तुम्हाला दोन व्यवहाराच्या गोष्टी. आई-वडिलांसाठी खाजगी थेरपिस्ट घरी बोलावता, तेव्हा त्याचं नाव संबंधित कौन्सिलच्या वेबसाइटवर बघा. फुकट आहे, एका मिनिटाचं काम आहे. नावांतला फरक ओळखा. 'फिजिओथेरपिस्ट' हे नाव नोंदणीशिवाय वापरणं गुन्हा आहे, 'स्पोर्ट्‌स थेरपिस्ट' हे कुणीही लावू शकतो. 'डायटिशियन' कायद्याने राखीव, 'न्यूट्रिशनिस्ट' नाही. 'पोडियाट्रिस्ट' राखीव, 'फूट हेल्थ प्रॅक्टिशनर' नाही. ती माणसं वाईट असतात असं नाही, पण काही बिघडलं तर दाद मागायला कौन्सिल नसते. तसंच, घरी येणाऱ्या केअर वर्करची नोंदणी स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये आहे, इंग्लंडमध्ये नाही. तेव्हा इंग्लंडमध्ये एजन्सी कोणती, तिची तपासणी झाली आहे का, हे आपणच विचारायचं.

आता त्या फोनवरच्या मुलीकडे येते. व्हिसाची भीती खोटी नव्हती. नोकरी गेली तर दुसरी शोधायला साधारणपणे ६० दिवस मिळतात, हे तिला पाठ होतं. मी तिला पेनाची गोष्ट सांगितली. म्हटलं, "रजिस्ट्रेशन जाणार नाही असं वचन मी देऊ शकत नाही, मी कौन्सिल नाही. पण आज सांगितलंस तर ती चूक आहे. सहा महिन्यांनी सापडली तर तिचं नाव बदललेलं असेल. आधी तुझ्या युनियनला फोन कर, मग उद्या सकाळी मॅनेजरकडे जा."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, जायच्या आधी तुम्हाला फोन करू?" मी म्हटलं, "सातला कर, मी उठलेली असते."

सातला नाही, सहा वाजून चाळीस मिनिटांनी आला. ती गेली, सांगितलं. फॉर्म भरला गेला, तिला एक प्रशिक्षण पुन्हा करावं लागलं, काही आठवडे तिच्या कामावर दुसऱ्याची सही लागत होती. तिला त्याची फार लाज वाटली. आज ती काम करते आहे, नाव नोंदवहीत आहे. तिच्या चुकीमुळे एका कपाटातल्या दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टी आता वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतात. म्हणजे पुढच्या कुणाकडून तीच चूक व्हायची शक्यता कमी झाली. नोंदणीचा, नियमांचा, या सगळ्या खटाटोपाचा उपयोग काय, तर हा.

मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि माझं नाव स्वतःहून काढून घेतलं. शेवटचा फॉर्म भरताना हात थोडा अडखळला. इतकी वर्षं त्या वहीत कुणीही अनोळखी माणूस माझं नाव शोधू शकत होता आणि त्याला विश्वास वाटत होता. ते नाव माझं असलं तरी ते त्याच्यासाठी तिथे होतं.

चहा गार झाला असेल, आणि आतून मसालेभाताचा वास येतो आहे. तेव्हा थांबते. ज्यांना नंबर द्यायचे आहेत त्यांनी दाराजवळच्या वहीत नाव लिहावं. माझं सगळ्यात वर लिहिलेलं आहे.



(दाराजवळच्या त्या वहीत त्या दिवशी एकूण अकरा नावं जमली.)